गणितानंद कापरेकर : देवळालीचे संख्याशोधक

१९६१ च्या जून महिन्यात, नाशिकजवळच्या देवळालीत राहणाऱ्या एका गणित शिक्षकांना पंचवीस अंकांची एक संख्या सापडली. एकावर एकवीस शून्ये आणि त्यांच्यापुढे १०२, असे तिचे रूप होते. ती कोणाच्या व्यवहारात येणारी नव्हती. सातबाऱ्यावर, बँकेच्या पासबुकात किंवा धरणाच्या पाणीसाठ्यातही एवढ्या मोठ्या आकड्याला जागा नाही. तरीही तिच्या अंगी एक असा गुण होता, जो तिच्याहून लहान असलेल्या एकाही संख्येत नाही. तो गुण कोणता, हे पुढे येईलच. तो शोधणारे शिक्षक म्हणजे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. गणिताच्या जगात त्यांचे नाव आज अनेक देशांत घेतले जाते. आमच्या तालुक्यांत मात्र ते ठाऊक असणारी माणसे थोडीच भेटतात.

स्मरणिकेत थोरांची चरित्रे यावीत असा प्रघात आहे. यंदा आम्ही कापरेकरांची निवड केली, त्याचे एक कारण भूगोलात आहे. कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला झाला. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत डहाणू ठाणे जिल्ह्यातच होते. म्हणजे शहापूर-मुरबाडकरांचे ते जिल्हाबंधू ठरतात. त्यांचे शालेय शिक्षण ठाण्याला झाले आणि आयुष्य देवळालीत गेले. देवळालीहून ठाण्या-मुंबईकडे रेल्वेने येणारा मनुष्य इगतपुरीनंतर थळ घाट उतरून कसाऱ्याला येतो आणि खर्डी, आटगाव, आसनगाव, वासिंद ही स्थानके मागे टाकीत कल्याणला पोहोचतो. अर्थात तो आमच्या शहापूर तालुक्याच्या अंगणातूनच जातो. मुरबाडच्या वाट्याला अजून रेल्वे आलेली नाही, तेव्हा मुरबाडकर एस.टी.ने कल्याण गाठतो. शहापूरचा रूळ आणि मुरबाडचा रस्ता असे कल्याणला एकत्र येतात. वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. कापरेकरांच्या एका मोठ्या कल्पनेशी तिचा संबंध येणार आहे.

दुसरे कारण अधिक जिव्हाळ्याचे आहे. आमच्या निवासी विद्यालयात वाड्यापाड्यांवरून येणाऱ्या मुलांना गणिताचे भय वाटते. गणित ही मोठ्या शहरांतील, मोठ्या घरांतील माणसांची मिरासदारी आहे, अशी समजूत ती घरूनच घेऊन येतात. ती समजूत कितपत खरी आहे, हे कापरेकरांच्या आयुष्यावरून पडताळून पाहता येते. उत्तर एका शब्दाचे नाही, हेही आधीच सांगून ठेवतो.

कापरेकर आठ वर्षांचे असताना त्यांची आई वारली. वडिलांनी त्यांना वाढवले. वडील कारकून होते आणि त्यांना फलज्योतिषाचा नाद होता. पत्रिका मांडण्यासाठी आकडेमोड करावी लागे, आणि त्या आकडेमोडीची गोडी मुलाला लागली. फलज्योतिषावर आमचा विश्वास नाही आणि विद्यार्थ्यांनीही तो ठेवू नये असेच आम्ही सांगतो. परंतु एका घरातल्या पत्रिकांमधील ग्रह बाजूला राहिले आणि त्यांतले आकडे मात्र मुलाच्या हाती लागले, हा व्यवहार आम्हांला फायद्याचाच वाटतो. ठाण्याच्या शाळेत असतानाच कोडी सोडवणे आणि हिशेबाच्या आडवाटा शोधणे यांत ते तासन्‌तास रमत.

१९२३ साली ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. १९२७ मध्ये स्वतंत्र गणिती कार्यासाठी त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे पारितोषिक मिळाले. १९२९ साली ते बी.एस्सी. झाले. गणितातले त्यांचे औपचारिक शिक्षण येथेच संपले. त्यापुढची कोणतीही पदवी त्यांच्यापाशी नव्हती. पदवीनंतर लवकरच ते देवळालीत शाळाशिक्षक म्हणून रुजू झाले आणि १९६२ साली निवृत्त होईपर्यंत तेथेच शिकवीत राहिले. नोकरीची हकिकत एवढीच; तीत बढत्या नाहीत, बदल्या नाहीत. ज्याला खऱ्या अर्थाने चरित्र म्हणावे ते शाळा सुटल्यानंतर, कागद आणि पेन्सिल यांच्या संगतीत घडले.

त्यांच्या पहिल्या संख्याकुळाचे नाव एका रेल्वे स्थानकावरून पडले आहे. तेव्हाच्या जी.आय.पी. रेल्वेवर मुंबईपासून सुमारे तीस मैलांवर डेम्लो नावाचे स्थानक होते. तेच आजचे डोंबिवली. या स्थानकावर असताना त्यांना काही संख्यांची विशिष्ट घडण सुचली, आणि त्यांनी त्यांना डेम्लो संख्या असे नाव दिले. या कुळातल्या सर्वांत देखण्या संख्या शाळेतल्या मुलालाही करून पाहता येतील. ११ चा वर्ग १२१. १११ चा वर्ग १२३२१. ११११ चा वर्ग १२३४३२१. एकेक एक वाढवीत गेले, की आकडे डोंगरासारखे चढतात आणि उतरतात. नऊ एकांचा वर्ग केला की शिखर नऊवर येते : १२३४५६७८९८७६५४३२१. दहावा एक जोडला की हातचा येतो आणि डोंगर मधोमध खचतो. तेथे १२३४५६७९००९८७६५४३२१ ही संख्या मिळते.

नऊ शिखराची ही सतरा अंकी संख्या क्षणभर हाती धरून पाहू. ती पूर्ण वर्ग आहे. डावीकडून वाचा की उजवीकडून, ती सारखीच राहते. तिच्या अंकांची बेरीज ८१ होते, आणि ८१ ने तिला भागले असता बाकी काहीच उरत नाही. भागाकार येतो १५२४१५७८९९७१०४१. आपल्याच अंकांच्या बेरजेने जिला निःशेष भाग जातो, अशा संख्येला कापरेकरांनी हर्षद म्हणजे हर्ष देणारी असे नाव दिले. १२ ही हर्षद आहे, कारण एक आणि दोन मिळून तीन, आणि तिनाने बाराला भाग जातो. रामानुजन यांच्यामुळे प्रसिद्ध झालेली १७२९ हीदेखील हर्षद आहे : तिच्या अंकांची बेरीज १९, आणि १९ गुणिले ९१ बरोबर १७२९. येथे १९ आणि ९१ एकमेकांचे उलटे आहेत, ही आणखी वरची गंमत.

एखाद्या संख्येला अशी एकामागून एक विशेषणे लावण्यात काय मिळते, असे कोणी विचारील. वनस्पतिशास्त्रज्ञ माहुलीच्या रानात हिंडताना झाडाचे पान, साल, फूल पाहून त्याचे कूळ ठरवतो. कापरेकर संख्यांच्या रानात तेच करीत होते. फरक इतकाच, की हे रान कोठे संपत नाही आणि त्याला कुंपणही नाही.

त्यांच्या नावानेच ओळखल्या जाणाऱ्या कापरेकर संख्याही अशाच. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे २० आणि २५ असे दोन तुकडे करून मिळवले की पुन्हा ४५. २९७ चा वर्ग ८८२०९. ८८ आणि २०९ मिळून २९७. ७०३ चा वर्ग ४९४२०९. ४९४ आणि २०९ मिळून ७०३. नऊ एकांच्या संख्येला ही परीक्षा लावली तर ती नापास होते : १२३४५६७८ आणि ९८७६५४३२१ यांची बेरीज १११११११११ येत नाही, नऊ वेळा नऊ येते. नापास होणेही किती नेटके असू शकते!

आता ६१७४. कापरेकरांचे नाव सर्वदूर नेले ते या संख्येने. १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ती मांडली आणि १९५५ मध्ये ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’ या नियतकालिकात तिच्याविषयी लिहिले. कृती सोपी आहे. कोणतीही चार अंकी संख्या घ्या; फक्त चारही अंक एकच नसावेत. ते अंक उतरत्या क्रमाने लिहा, मग चढत्या क्रमाने लिहा, आणि मोठ्यातून लहान वजा करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करा. मध्ये शून्य आले तर ते सोडू नका.

त्यांचे जन्मवर्ष १९०५ घेऊ. ९५१० मधून ०१५९ वजा केले की ९३५१. पुढे ९५३१ मधून १३५९ गेले की ८१७२. ८७२१ मधून १२७८ गेले की ७४४३. मग ७४४३ मधून ३४४७ जाऊन ३९९६. ९९६३ मधून ३६९९ जाऊन ६२६४. ६६४२ मधून २४६६ जाऊन ४१७६. शेवटी ७६४१ मधून १४६७ वजा केले की ६१७४. आणखी पुढे गेलो तरी ७६४१ वजा १४६७ पुन्हा ६१७४ च. गाडी येथे थांबते ती कायमची. या वर्षाला सात पायऱ्या लागल्या, आणि सातांहून अधिक पायऱ्या कोणत्याही संख्येला लागत नाहीत. पारितोषिकाचे वर्ष १९२७ देखील सातव्याच पायरीवर पोहोचते. १९५६ ला तीन पुरतात. वाचकांनी आपापली जन्मवर्षे करून पाहावीत. तीन अंकी संख्यांचा मुक्काम ४९५ वर असतो. पाच अंकांना असा एक मुक्काम नाही, तेथे आकडे चक्रांत फिरत राहतात.

वर्गात हा खेळ मांडला की पहिल्यांदा हात वर करणारी मुले बहुधा गणितात मागे समजली जाणारी असतात, असा आमचा अनुभव आहे. वजाबाकी येत असली की झाले. पुढे काय होणार ते शिक्षकांनाही लगेच सांगता येत नाही, आणि त्या अज्ञानात सारे सारखे असतात.

मात्र कापरेकरांच्या कार्याचा गाभा आम्हांला ६१७४ मध्ये दिसत नाही. तो आहे स्वयंभू संख्यांत. त्यांची कल्पना अशी : कोणत्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की एक नवी संख्या जन्माला येते. २३ मध्ये दोन आणि तीन यांची बेरीज पाच मिळवली की २८. म्हणून २३ ही २८ ची जनक. २८ पासून ३८, ३८ पासून ४९, अशी वंशवेल पुढे चालते. मग प्रश्न येतो, की प्रत्येक संख्येला जनक असतोच काय? नसतो. २० घ्या. तिच्या मागच्या सर्व संख्या तपासल्या तरी अशी एकही सापडत नाही, की जिच्यापासून २० निघेल. अशा निर्जनक संख्यांना त्यांनी स्वयंभू म्हटले, आणि आपल्या गावाच्या नावावरून देवळाली संख्या असेही म्हटले. १, ३, ५, ७, ९, मग २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६, ९७, १०८. विसापासून पुढे अकरा-अकराचे अंतर पाहून आता ११९ येणार असे वाटते. तोच नियम मोडतो. ११९ ला १०९ हा जनक आहे आणि पुढची स्वयंभू संख्या निघते ११०. नियम सापडला असे वाटण्याच्या क्षणीच तो निसटतो, आणि शोधकाला पुन्हा कागद घ्यावा लागतो.

याच्या उलट टोकाला एकाहून अधिक जनक असलेल्या संख्या आहेत. १०१ ही त्यांतली सर्वांत लहान. ९१ मध्ये दहा मिळवले की १०१, आणि १०० मध्ये एक मिळवला की तेच १०१. दोन निराळ्या वाटा येथे एकत्र येतात आणि पुढे एकच होऊन जातात. कापरेकरांनी अशा संख्यांना जंक्शन संख्या हे नाव दिले. आमच्या वाचकांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. कसाऱ्याकडून येणारा रूळ आणि कर्जतकडून येणारा रूळ कल्याणला मिळतात, मुरबाडची एस.टी.ही तेथेच येऊन उभी राहते. ज्याचे जाणे-येणे आयुष्यभर याच मार्गाने झाले, त्याला हा शब्द शोधावा लागला नसेल.

दोन वाटांचे जंक्शन १०१ वर मिळाले. तीन वाटांचे कोठे? ते थेट चौदा अंकांपर्यंत जावे तेव्हा सापडते. १००००००००००००१ म्हणता म्हणता शून्ये मोजताना चूक होते, म्हणून शब्दांत सांगतो : एक, मग बारा शून्ये, मग एक. तिच्या आधी तीन जनक असलेली एकही संख्या नाही. आणि चार वाटांचे जंक्शन म्हणजेच प्रारंभी सांगितलेली ती पंचवीस अंकी संख्या :

१ ००० ००० ००० ००० ००० ००० ००० १०२

तिचे चार जनक वाचकांना स्वतः तपासता येतील. दोन तिच्या अगदी जवळ आहेत. एकावर एकवीस शून्ये आणि शेवटी ०९१ : अंकांची बेरीज अकरा, ती मिळवली की शेवटचे तीन अंक १०२ होतात. एकावर एकवीस शून्ये आणि शेवटी १०० : बेरीज दोन, पुन्हा १०२. उरलेले दोन जनक पलीकडच्या बाजूला, चोवीस अंकांत आहेत. एकवीस वेळा नऊ लिहून शेवटी ९०२ लिहा. एकवीस नवांचे १८९ आणि शेवटच्या तीन अंकांचे ११, मिळून २००. ते मिळवताच सारे नऊ एकामागून एक शून्य होतात, डावीकडे एक उमटतो आणि शेवटी १०२ राहतात. त्याचप्रमाणे एकवीस नऊ आणि शेवटी ८९३ : येथे बेरीज २०९, आणि मुक्काम तोच.

या संख्येची इतर लक्षणे पाहिली तर ती अगदी सामान्य भासते. ती सम आहे. अंकांची बेरीज अवघी चार, म्हणून तिला तीनने भाग जात नाही. शेवटी ०२ असल्याने चारानेही जात नाही, म्हणजे ती हर्षद नाही. आणि दोनाने भाग जाऊनही चाराने न जाणारी संख्या पूर्ण वर्ग असू शकत नाही. डेम्लोच्या डोंगराचा डौल तिच्यापाशी नाही. सगळ्या परीक्षांत अनुत्तीर्ण झालेल्या या संख्येचे मोठेपण एकाच गोष्टीत आहे, आणि ती गोष्ट तोवर कोणी विचारलीच नव्हती.

तिला नाव तरी काय द्यावे? भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तील स्थानांची यादी परार्धावर, म्हणजे अठराव्या स्थानावर थांबते, ही संख्या त्याच्याही पुढे सात स्थाने आहे. बौद्ध परंपरेत मात्र तिच्यासाठी नाव सापडते. ‘ललितविस्तर’ या ग्रंथात तरुण सिद्धार्थाची परीक्षा घेणारा अर्जुन नावाचा गणितज्ञ आहे. त्याच्या प्रश्नावरून बोधिसत्त्व कोटीच्या पुढची, शंभर-शंभर पटींनी वाढणारी नावे सांगत जातात : अयुत, नियुत, कंकर, विवर, आणि असेच पुढे तल्लक्षणापर्यंत, म्हणजे एकावर त्रेपन्न शून्यांपर्यंत. त्या मोजणीत एकावर तेवीस शून्ये म्हणजे बहुल. तेव्हा कापरेकरांच्या संख्येला दहा बहुल एकशे दोन म्हणता येईल, आणि तीन जनकांच्या संख्येला एक कंकर एक. एवढ्या मोठ्या संख्यांची नावे कोणा राजाच्या खजिन्याला लागली नसतील. ती ठेवणाऱ्यांना मोजण्याचाच आनंद असला पाहिजे.

हे सारे संगणकाशिवाय झाले. कापरेकरांपाशी प्रयोगशाळा नव्हती, सहकारी नव्हते. गणित परिषदांना ते जात आणि निबंध वाचत. ‘डेम्लो नंबर्स’ (१९४८), ‘पझल्स ऑफ द सेल्फ नंबर्स’ (१९५९), ‘द मॅथेमॅटिक्स ऑफ द न्यू सेल्फ नंबर्स’ (१९६३) अशा लहान पुस्तिका त्यांनी पदरमोड करून छापल्या. स्वतःच्या या नादाची तुलना ते मद्यपीच्या व्यसनाशी करीत. आमच्या वसतिगृहात चालेल असे व्यसन हे एवढेच. लोकांनी त्यांना गणितानंद म्हटले, ते नाव शोभून दिसले.

विद्वानांनी मात्र त्यांना बराच काळ जवळ केले नाही. आक्षेप असा होता, की हे गुणधर्म संख्यांचे नसून त्या लिहिण्याच्या दशमान पद्धतीचे आहेत. माणसाला आठच बोटे असती तर ६१७४ ची जादू उरली नसती. म्हणून हे करमणुकीचे गणित. आमच्या मते आक्षेपातला पूर्वार्ध खोटा नाही. कापरेकरांनी पुष्कळ गोष्टी निरीक्षणाने शोधल्या आणि त्यांच्या सिद्धता इतरांवर सोपवल्या, हेही मान्य केले पाहिजे. परंतु जनक असणे आणि नसणे हा प्रश्न दहाऐवजी दुसऱ्या कोणत्याही पायावर मांडता येतो, आणि तेथेही तो तितकाच कठीण राहतो. चांगला प्रश्न विचारणे हे गणितात लहान काम समजण्याची चूक विद्वानांकडून अनेकदा होते. १९८२ साली उंबेर्तो झानिएर या इटालियन गणितज्ञाने स्वयंभू संख्या कशा विखुरलेल्या असतात यावर निबंध प्रसिद्ध केला. त्या साधारणपणे दर दहा संख्यांमागे एक या प्रमाणात आढळतात. करमणूक म्हणून बाजूला सारलेला प्रश्न अशा रीतीने विद्यापीठांच्या दारातून आत आला.

मधल्या काळात एक विलक्षण प्रकार घडला होता. १९७४ साली ‘अमेरिकन मॅथेमॅटिकल मंथली’त बर्नार्डो रेकामान या कोलंबियाच्या गणितज्ञाचा एक प्रश्न छापून आला. त्या प्रश्नातल्या संख्या कोलंबियन संख्या म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. त्या देवळाली संख्याच होत्या. रेकामान यांनी त्या स्वतंत्रपणे शोधल्या होत्या. त्यांत दोष कोणाचा नाही. पण देवळालीत छापलेल्या पुस्तिका किती दूर पोहोचतात, आणि न्यू यॉर्क-वॉशिंग्टनला छापलेले किती दूर, याचा हिशेब मनात आल्यावाचून राहत नाही. पुढच्याच वर्षी, मार्च १९७५ मध्ये, मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील आपल्या सदरात कापरेकरांविषयी लिहिले आणि त्यांचे नाव जगभर गेले. तेव्हा ते सत्तर वर्षांचे होते.

प्रसिद्धीने घर चालत नाही. १९६६ साली त्यांच्या पत्नीचे निधन झाले होते. निवृत्तिवेतन अपुरे पडे. अत्यंत काटकसरीने राहूनही भागत नसे. म्हणून उतारवयात त्यांना गणित आणि विज्ञानाच्या खाजगी शिकवण्या कराव्या लागल्या. अशा चरित्रांत दारिद्र्याचे तेज वर्णन करण्याची आपल्याकडे सवय आहे. आम्ही ती टाळतो. ज्या शिक्षकाने तीस-बत्तीस वर्षे शाळेत शिकवले आणि ज्याच्या संख्या परदेशी नियतकालिकांत छापल्या गेल्या, त्याला म्हातारपणी चरितार्थासाठी शिकवण्या घ्याव्या लागतात, यात तेज काही नाही. गणित गरिबाला कागद-पेन्सिलीवर करता येते हे खरे. पण कारकुनाच्या घरात निदान अक्षर आणि आकडा होता, ठाण्याला शाळा होती आणि पुण्याला महाविद्यालय गाठता आले. त्याच काळात शहापूर-मुरबाडच्या कितीतरी वाड्यांवर यांपैकी काहीच नव्हते. मुलांना कापरेकर सांगताना आम्ही हा अर्धाही सांगतो.

१९८६ साली देवळालीतच त्यांचे निधन झाले. त्यांच्या जंक्शनवर गाड्या अजून येत आहेत. २०२१ मध्ये मॅक्स अलेक्सेयेव आणि नील स्लोन या गणितज्ञांनी कापरेकरांच्या जंक्शन संख्यांवर, त्यांच्या नावासह, निबंध लिहिला. पाच वाटा जेथे मिळतात अशीही एक संख्या आज ठाऊक आहे. तिचाही शेवट १०२ नेच होतो आणि आरंभ एकानेच. मधली शून्ये मात्र एक लाख अकरा हजार कोटींहून अधिक आहेत. ती या स्मरणिकेत छापायची म्हटले तर यापूर्वीच्या आणि यापुढच्या सर्व स्मरणिकांची पानेही पुरणार नाहीत.